मोठा ग्रह म्हणजे जास्त ग्रॅव्हिटी? तेवढं सरळ नाहीये ते

एक मीटर उंचीवरून एखादी वस्तू हातातून सोडली तर पृथ्वीवर ती ०.४५ सेकंदात खाली पोचते, अर्धा सेकंदही लागत नाही. हीच वस्तू चंद्रावर सोडा, १.१ सेकंद लागतील. मंगळावर ०.७३. गुरूवर ०.२८ (तिथे पडायला जमीनच नाहीये, पण ते पुढे बघू, तूर्तास आहे असं धरून चला). मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा गोळा म्हणजे सेरेस, तिथे पावणेतीन सेकंदांच्या आसपास. आणि जपानचं हायाबुसा २ यान ज्या र्‍युगू लघुग्रहावरून माती घेऊन आलं तिथे चक्क दोन मिनिटांच्या वर, म्हणजे वस्तू सोडायची आणि नुसतं बघत बसायचं, आपण ती खरंच सोडली की नाही याचीच शंका यायला लागेल.

ग्रॅव्हिटी समजून घ्यायला मला हा सेकंदांचा आकडा सगळ्यात सोपा वाटतो, कारण "मीटर प्रति सेकंद वर्ग" असं काही दिसलं की अर्धे लोक तिथेच वाचायचं सोडून देतात. खरं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पृथ्वीवर ९.८ म्हणजे सोडलेल्या वस्तूचा स्पीड दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंदाने वाढत जातो, बस एवढंच. चंद्रावर तो १.६२ ने वाढतो, मंगळावर ३.७ ने. वस्तू जड आहे की हलकी याच्याशी काही देणंघेणं नाही, मधे हवा आडवी आली नाही तर. २ ऑगस्ट १९७१ ला अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने हे चंद्रावर कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं, एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस, दोन्ही एकदम सोडली आणि दोन्ही एकदमच खाली टेकली. व्हिडिओ पुसट आहे पण एकदा बघाच, पीस दगडासारखं सरळ खाली जाताना बघून डोळ्यांना काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं.

आता पुढे जायच्या आधी वजन आणि वस्तुमानाचा घोळ निस्तरून टाकू, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडकते. तुमच्या शरीरात जेवढा माल आहे ते वस्तुमान, ते कुठेही जा तेवढंच राहणार. वजन म्हणजे खालचा ग्रह त्या मालाला किती जोरात ओढतोय ते. पृथ्वीवर काटा ६० किलो दाखवतो तो माणूस स्प्रिंगचा तोच काटा घेऊन चंद्रावर गेला तर १० दिसतील, मंगळावर पावणेतेवीस, गुरूवर दीडशेच्या वर. पण तोच माणूस दोन पारड्यांचा तराजू घेऊन गेला आणि एका बाजूला वजनं टाकून दुसऱ्या पारड्यात स्वतः बसला तर चंद्रावरही ६० किलोच भरेल, कारण ओढ दोन्ही पारड्यांवर सारखीच कमी झालेली असते, तराजू फक्त इकडचा माल आणि तिकडचा माल यांची तुलना करतो.

आणि वस्तुमान बदलत नाही ही गोष्ट नुसती पुस्तकातली नाहीये, ती अंगाशी येऊ शकते. चंद्रावर शंभर किलोची पेटी उचलणं सोपं, पण ती पेटी जोरात तुमच्या दिशेने येत असेल तर तिला थांबवायला पृथ्वीवर जेवढी ताकद लागते तेवढीच लागणार, आणि धडकली तर दणकाही तेवढाच. वर तिथे पायाखाली पकडही कमी, कारण बुटाची जमिनीवरची पकड वजनावर अवलंबून, आणि वजन तर सहावा हिस्सा झालेलं. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ चा चार्ली ड्यूक चंद्रावर उंच उडी मारायला गेला आणि हवेत असताना मागच्या मागे कलंडला तो सरळ पाठीवर आपटला, आणि पाठीवर काय होतं, तर त्याला जिवंत ठेवणारी ऑक्सिजनची सगळी यंत्रणा. ती फुटली नाही म्हणून निभावलं. कमी ग्रॅव्हिटी म्हणजे सगळं अलगद आणि सुरक्षित असा जो समज असतो ना, तो तिथे जाऊन आलेल्या माणसाला विचारा.

मग एखाद्या ग्रहावर किती ओढ असणार हे ठरतं कशावरून? दोनच गोष्टी. एक, ग्रहात एकूण माल किती, आणि दोन, तुम्ही त्याच्या केंद्रापासून किती लांब उभे आहात. माल दुप्पट तर ओढ दुप्पट. अंतर दुप्पट तर ओढ मात्र निम्मी नाही, चौथा हिस्सा. अंतर तिप्पट तर नववा हिस्सा. न्यूटनने १६८७ मध्ये हे छापलं आणि साध्या कामांसाठी आजही तेवढंच पुरतं, आइनस्टाइनकडे जायची गरज फार पुढे पडते.

लोकांच्या डोक्यात पहिली गोष्ट पक्की बसलेली असते आणि दुसरी निसटते. चंद्राचंच बघा. चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या ८१ व्या हिस्स्याएवढं. मग ओढ ८१ पट कमी हवी ना? पण ती फक्त सहा पट कमी आहे. कारण चंद्र लहान आहे आणि लहान असल्यामुळे त्याच्या जमिनीवर उभं राहिलं की तुम्ही केंद्राच्या बरेच जवळ असता. पृथ्वीवर आपल्या पायापासून केंद्र ६,३७१ किलोमीटर, चंद्रावर फक्त १,७३७. म्हणजे ३.६७ पट जवळ, आणि वर्ग केला की साधारण १३.५. माल ८१ पट कमी पण जवळ असण्याचा फायदा १३.५ पट, ८१ ला १३.५ ने भागा, बरोबर सहा. शाळेत "चंद्रावर सहावा हिस्सा" असं पाठ करून घेतात पण तो सहा येतो कुठून हे कुणी सांगत नाही, आणि सगळा विषय तर त्या सहामध्येच आहे असं माझं मत.

हेच गणित बुध आणि मंगळाला लावलं की अजून मजेशीर प्रकार दिसतो. मंगळात बुधाच्या जवळपास दुप्पट माल आहे. तरीही दोघांच्या जमिनीवर ओढ जवळजवळ एकच, ३.७. डोळे बांधून तुम्हाला एकदा इथे आणि एकदा तिथे उभं केलं (उन्हातान्हाचं सोडून द्या) तर पायाला फरक कळणार नाही. कारण बुधाची घनता जबरदस्त आहे, ५.४, म्हणजे पाण्याच्या ५.४ पट, मंगळाची ३.९. बुधाच्या आत लोखंडाचा गाभा एवढा मोठा आहे की त्रिज्येचा जवळपास ८५ टक्के भाग त्यानेच खाल्लाय, बाहेर दगडाचं नुसतं साल. माल कमी पण एकदम दाबून भरलेला, त्यामुळे तुम्ही त्याच्या जवळ जाऊ शकता.

उलटं उदाहरण पाहिजे असेल तर गॅनिमीड घ्या, गुरूचा सगळ्यात मोठा चंद्र. आकाराने तो बुधापेक्षाही मोठा, ५,२६८ किलोमीटर व्यास, बुधाचा ४,८७९. पण ओढ? १.४. बुधाच्या निम्मीसुद्धा नाही, आपल्या चंद्रापेक्षाही कमी. का, तर त्यात भरपूर बर्फ आहे आणि बर्फ हलका.

हे सगळं एका वाक्यात पकडायचं असेल तर असं: ओढ ही घनता गुणिले त्रिज्या अशी चालते. एकाच घनतेचे दोन गोळे असतील आणि एकाची त्रिज्या दुप्पट असेल तर त्यात माल आठ पट, पण तुम्ही केंद्रापासून दुप्पट लांब म्हणून चारने भाग, शेवटी ओढ दुप्पट. म्हणून मोठा ग्रह जोरात ओढतो हे अगदीच खोटं नाही, पण त्याची घनताही तशी पाहिजे, आणि आपल्या सूर्यमालेतले मोठे ग्रह नेमके तिथेच मार खातात.

गुरूमध्ये ३१८ पृथ्व्यांएवढा माल आहे. ओढ किती, तर अडीच पट. बस. कारण त्रिज्याही ११ पटींच्या वर आहे. शनीत ९५ पृथ्व्या, आणि ओढ पृथ्वीपेक्षा जेमतेम थोडी जास्त. युरेनसमध्ये साडेचौदा पृथ्व्या आणि ओढ पृथ्वीपेक्षा कमी, ९० टक्के! नेपच्यून १७ पृथ्व्या, ओढ १.१४ पट. म्हणजे शुक्र, पृथ्वी, शनी, युरेनस, नेपच्यून हे पाच एवढे वेगवेगळे ग्रह, पण वजनकाट्यावर तुम्ही सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. शनीबद्दल एक वाक्य सगळीकडे फिरत असतं की तो पाण्यावर तरंगेल, त्याची घनता ०.६९ आहे म्हणून. आकडा बरोबर आहे पण चित्र फसवं आहे, कारण एवढं पाणी एका जागी आणलं तर तेच कोसळून एक ग्रह होईल आणि शनी त्यात विरघळून जाईल.

आणि हो, त्या गुरूच्या जमिनीचं राहिलं होतं. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून यांना उभं राहण्यासारखी जमीन नाही, वायू खाली खाली दाट होत जातो. मग "पृष्ठभागावरची ओढ" कुठे मोजायची? तर जिथे वायूचा दाब १ बार असतो, साधारण पृथ्वीवर समुद्रसपाटीला असतो तेवढा, ती पातळी पृष्ठभाग मानायची असा संकेत आहे. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी थोडे वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका. त्यात हे ग्रह गरागरा फिरतात, शनीचा दिवस साडेदहा तासांचा, त्या फिरण्याने तो मधोमध फुगलाय आणि ध्रुवांवर चपटा झालाय, इतका की साध्या दुर्बिणीतूनही चपटेपणा कळतो. विषुववृत्तावर तुम्ही केंद्रापासून लांब पण आणि फिरण्यामुळे बाहेर फेकले पण जाताय, म्हणून तिथे ओढ ९ च्या आसपास जाणवते आणि ध्रुवाजवळ १२ च्या. एकाच ग्रहावर एवढा फरक.

पृथ्वीवरही हे होतं, फक्त कमी. आणि ते लक्षात आलं एका घड्याळामुळे. १६७२ मध्ये झ्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, काम होतं मंगळाचं निरीक्षण करायचं. सोबत लंबकाचं चांगलं घड्याळ. पॅरिसमध्ये नीट चालणारं ते घड्याळ कायेनमध्ये रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. घड्याळ बिघडलं म्हणावं तर तसंही नाही, लंबकाची लांबी थोडीशी, अगदी दोन-तीन मिलिमीटर कमी केली की परत बरोबर. लंबक हळू हलतोय म्हणजे त्याला खाली ओढणारी ग्रॅव्हिटीच तिथे कमी आहे. कायेन विषुववृत्ताजवळ, पॅरिस बरंच उत्तरेला. न्यूटनने हा पुरावा उचलला आणि पृथ्वी मधोमध फुगीर आहे असं मांडलं. आज आपल्याला माहितीये की विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त आहे, आणि ओढ विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवावर ९.८३. फरक अर्धा टक्का. वजन कमी करायचा हा काही कामाचा उपाय नाही, पण घड्याळाला तो अर्धा टक्का बरोब्बर कळला.

जमिनीखाली काय भरलंय त्यानेही ओढ बदलते, आणि याचा सगळ्यात मोठा त्रास चंद्राने दिलाय. १९६८ मध्ये म्युलर आणि शॉग्रेन या नासाच्या दोन संशोधकांना दिसलं की चंद्राभोवती फिरणाऱ्या ल्युनार ऑर्बिटर यानांचा वेग काही ठराविक जागांवरून जाताना बदलतोय, जसं काही खाली काहीतरी जड पुरून ठेवलंय. त्या जागा म्हणजे चंद्रावरचे मोठे गोल काळे डाग, प्रचंड आघातांनी झालेले खड्डे. आघातानंतर खालचा दाट खडक वर उचलला गेला आणि वरून लाव्हा भरला, त्यामुळे तिथे जास्त माल जमा झालाय. त्यांना मॅसकॉन म्हणतात. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ ने चंद्राभोवती एक छोटा उपग्रह सोडला, तो बराच काळ फिरत राहील अशी अपेक्षा होती. मॅसकॉननी त्याची कक्षा अशी काही हेलकावली की ३५ दिवसांत तो चंद्रावर जाऊन आदळला. नंतर २०१२ मध्ये ग्रेल नावाची दोन जुळी यानं चंद्राभोवती एकामागोमाग फिरवली, पुढचं यान जड जागेजवळ पोचलं की ते आधी ओढलं जायचं, मग मागचं, आणि दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी इतकं बदललं तरी मोजता यायचं. त्यावरून चंद्राच्या ग्रॅव्हिटीचा नकाशा तयार झाला.

आता एक गैरसमज, जो शिकलेल्या लोकांमध्येही सर्रास दिसतो. स्पेस स्टेशनमध्ये ग्रॅव्हिटी नसते म्हणून अंतराळवीर तरंगतात. नाही हो. स्टेशन आहे ४०० किलोमीटर उंचीवर, केंद्रापासूनचं अंतर ६,३७१ चं ६,७७१ झालं, म्हणजे ओढ फक्त ११ टक्क्यांनी कमी झाली, तिथे अजूनही जमिनीवरच्या ८९ टक्के ग्रॅव्हिटी आहे. ते तरंगतात कारण स्टेशन आणि त्यातली माणसं सगळी एकत्र पडत असतात, सतत, पण आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर असल्यामुळे ते पडता पडता पृथ्वीला चुकवत राहतात. पायाखालची जमीनही तुमच्याबरोबरच पडतेय तर ती तुम्हाला वर ढकलणार कशी, आणि आपल्याला "वजन" म्हणून जे जाणवतं ते म्हणजे जमिनीने वर ढकलणंच असतं.

खरोखर जिथे ग्रॅव्हिटी नाहीच्या बरोबर असते ते बघायचं तर लघुग्रह आणि धूमकेतूंकडे जा. १२ नोव्हेंबर २०१४ ला युरोपच्या रोझेटा यानाने फिली नावाचा लँडर ६७पी या धूमकेतूवर सोडला. पृथ्वीवर त्याचं वजन १०० किलो, वॉशिंग मशीनएवढा डबा. धूमकेतूवर त्याचं वजन किती, तर पृथ्वीवर एक ग्रॅम जेवढं वाटतं साधारण तेवढं. आता एक ग्रॅम वजनाची वस्तू जमिनीला टेकली की उसळणारच, म्हणून इंजिनिअर लोकांनी तीन उपाय ठेवले होते, वरून दाबून धरायला एक थ्रस्टर, जमिनीत घुसणारे हार्पून आणि पायांना स्क्रू. थ्रस्टर चाललाच नाही. हार्पून सुटलेच नाहीत. स्क्रूंनी पकड घेतली नाही. फिली माणसाच्या चालण्याच्या स्पीडने येऊन टेकला, सेकंदाला जेमतेम ३८ सेंटिमीटर अशा वेगाने उसळला, आणि त्या एवढ्याशा उसळीने तो जवळजवळ दोन तास वरच होता! मग खाली, परत एक छोटी उसळी, आणि शेवटी ठरलेल्या जागेपासून किलोमीटरभर लांब, एका कड्याच्या सावलीत जाऊन पडला, जिथे सोलर पॅनेलला ऊन मिळेना. अजून थोडा जोरात उसळला असता तर परत आलाच नसता. तरी त्याने बॅटरी संपेपर्यंत, दोन-अडीच दिवस काम करून डेटा पाठवला, ही कमाल आहे.

अशा ठिकाणी चाकाची गाडी चालवता येत नाही, कारण चाक पकड घ्यायला वजन मागतं. म्हणून हायाबुसा २ ने र्‍युगूवर सोडलेले छोटे रोव्हर उड्या मारत फिरायचे, आतली मोटर फिरवायची, झटका बसायचा आणि रोव्हर उडायचा, एक उडी पंधरा मिनिटांपर्यंत चालायची. नासाचं ओसायरिस-रेक्स यान २० ऑक्टोबर २०२० ला बेन्नू लघुग्रहाला टेकलं तेव्हा टणक जमीन लागेल अशी अपेक्षा होती, पण यानाचा हात अर्ध्या मीटरपर्यंत आत गेला, खडक एकमेकांना धरून ठेवायला तिथे ग्रॅव्हिटीच पुरेशी नाही, सगळा नुसता सैल ढिगारा. मंगळाचा छोटा चंद्र डायमॉस, तिथून कायमचं निसटायला ताशी २० किलोमीटर स्पीड पुरतो. चांगला धावणारा माणूस एवढं धावतो, फक्त अडचण अशी की तिथे धावता येणार नाही, पहिल्याच पावलाला तुम्ही वर.

यावरून मुक्तिवेगाची गोष्ट आली, आणि इथे अजून एक गल्लत होते. पायाखालची ओढ आणि निसटायला लागणारा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरेनसवर ओढ पृथ्वीपेक्षा कमी हे वर बघितलं. मग तिथून निसटणं सोपं? उलट, पृथ्वीवरून सेकंदाला ११.२ किलोमीटर लागतात तर युरेनसवरून २१ च्या वर. कारण युरेनस मोठा आहे, त्याची ओढ सुरुवातीला सौम्य असली तरी लवकर संपत नाही, तुम्ही वर जात राहता आणि ती मागे धरूनच असते. लहान ग्रहापासून थोडं वर गेलं की अंतर पटकन दुप्पट होतं आणि ओढ चौथ्या हिस्स्यावर येते.

हवा टिकते की नाही हे या मुक्तिवेगावर आणि थंडीवर ठरतं. शनीचा चंद्र टायटन याचं उत्तम उदाहरण, ओढ १.३५, म्हणजे आपल्या चंद्राहूनही कमी, तरी हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट. कसं काय? तिथे तापमान उणे १७९ अंश, हवेचे रेणू एवढे सुस्त की निसटून जायचा वेग त्यांना गाठताच येत नाही. चंद्रावर दुपारी शंभर अंशांच्या वर तापतं, तिथे असते-नसते रेणू केव्हाच पळाले. आणि दाट हवा आणि वर कमी ओढ म्हणजे टायटनवर उडणं एकदम सोपं, नासा तिथे ड्रॅगनफ्लाय नावाचा ड्रोन पाठवणार आहे तो उगीच नाही. मंगळावर उलटी परिस्थिती, ओढ पृथ्वीच्या ३८ टक्के हे ठीक, पण हवा फक्त एक टक्क्याच्या आसपास, म्हणून १.८ किलोच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरला एप्रिल २०२१ मध्ये उडायला पाती मिनिटाला २,४०० च्या वर फिरवावी लागली.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. सूर्य. माल ३,३३,००० पृथ्व्यांचा, त्रिज्या १०९ पट, हिशोब केला की ओढ २८ पट. मला पहिल्यांदा हा आकडा फारच किरकोळ वाटला होता, सगळ्या सूर्यमालेला नाचवणारा सूर्य आणि फक्त २८? पण तो फुगलेला गरम वायू आहे, त्याच्या "पृष्ठभागावर" असताना तुम्ही केंद्रापासून सात लाख किलोमीटर लांब असता. तोच माल दाबून पृथ्वीएवढ्या गोळ्यात बसवला तर? निसर्गाने हे करून ठेवलंय, व्हाइट ड्वार्फ म्हणतात त्याला, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. व्याध ताऱ्याला असा एक जोडीदार आहे, १८६२ मध्ये अल्व्हन ग्रॅहम क्लार्कला दुर्बिणीची भिंग तपासताना तो दिसला. वस्तुमान सूर्याएवढं, आकार पृथ्वीपेक्षा थोडा लहानच, आणि ओढ पृथ्वीच्या चार लाख पटींच्या आसपास.

तरीही माल तेवढाच आहे, हे विसरू नका. सूर्य उद्या अचानक आकसून तेवढा झाला तर पृथ्वीच्या कक्षेत काडीचाही फरक पडणार नाही, आपण अंधारात आणि थंडीत मरू ते वेगळं, पण पृथ्वी आहे तशीच फिरत राहील, कारण आपल्यासाठी अंतर तेच आणि माल तोच. सूर्य ब्लॅक होल झाला तर सगळं गिळून टाकेल वगैरे जे ऐकू येतं ते म्हणूनच चुकीचं आहे. दाबल्याने ओढ वाढते ती फक्त अशा माणसासाठी जो आता जास्त जवळ जाऊ शकतो.

न्यूट्रॉन तारा म्हणजे याची हद्द. सूर्याच्या दीडपटीच्या जवळ माल आणि त्रिज्या फक्त १०-१२ किलोमीटर, अख्खा तारा एका शहरात मावेल. ओढ पृथ्वीच्या शंभर अब्ज पटींच्या घरात. तिथे एक मीटरवरून वस्तू सोडली तर ती एका सेकंदाच्या दहा लाखाव्या हिस्स्यात वगैरे खाली पोचेल आणि आपटताना तिचा स्पीड असेल सेकंदाला हजार-दीड हजार किलोमीटर. डोंगर? मंगळावर ओढ कमी म्हणून, आणि तिथलं कवच एका जागी स्थिर राहिलं म्हणून, ऑलिंपस मॉन्स २२ किलोमीटर उंच वाढू शकला. न्यूट्रॉन ताऱ्यावरचा "डोंगर" मिलिमीटरमध्ये किंवा त्याहूनही कमी मोजावा लागतो. इथे मात्र न्यूटनचं गणित फक्त अंदाजापुरतं, नेमकं उत्तर हवं तर आइनस्टाइन लागतो.

एक प्रश्न मात्र राहतो, हे आकडे आले कुठून, गुरूवर कोण काटा घेऊन गेलं होतं? तर वस्तुमान काढायची सोपी युक्ती म्हणजे त्याच्याभोवती काय फिरतंय ते बघायचं. चंद्र किती लांबून किती दिवसांत फेरी मारतो एवढं कळलं की मधल्या ग्रहाचा माल निघतो. न्यूटनने असंच गुरू आणि शनीचं काढलं, पण फक्त सूर्याच्या तुलनेत, किलोमध्ये नाही. किलोमध्ये येण्यासाठी १७९८ साल उजाडावं लागलं, हेन्री कॅव्हेंडिशने १५८ किलोचे शिशाचे दोन गोळे छोट्या गोळ्यांजवळ आणले आणि तारेला टांगलेली दांडी किती बारीकशी वळते ते खोलीच्या बाहेरून दुर्बिणीने बघितलं (आपल्या अंगाच्या उष्णतेने हवा हलू नये म्हणून), आणि पृथ्वीची घनता ५.४८ काढली. आजचा आकडा ५.५१. दोनशे वर्षांपूर्वी, शिशाचे गोळे आणि तार वापरून. मला तरी यापुढे हात टेकावेसे वाटतात.

ज्यांना चंद्र नाही त्यांची पंचाईत. बुधाचं वस्तुमान नीट कळलं ते १९७४ मध्ये मरिनर १० त्याच्या जवळून गेलं तेव्हा. प्लूटोचं तर हसंच झालं, १९३० मध्ये सापडला तेव्हा तो पृथ्वीएवढा जड असेल असा अंदाज होता, मग दर काही वर्षांनी अंदाज खाली खाली येत गेला, आणि १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टीला त्याचा चंद्र कॅरन सापडला तेव्हा कळलं की प्लूटो पृथ्वीच्या ०.२ टक्के आहे फक्त. तिथली ओढ ०.६२, चंद्राच्या निम्मीसुद्धा नाही.

सध्या असंच एक काम वाटेत आहे. सायकी नावाचा लघुग्रह, सरासरी व्यास सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. त्याला चंद्र नाही, त्यामुळे त्याचं वस्तुमान दुसरे लघुग्रह त्याच्या जवळून जाताना किती वळतात यावरून काढतात, आणि असे आकडे एकमेकांशी जुळता जुळत नाहीत. तो बराचसा धातूचा आहे की धातू आणि दगड मिसळलेला, हे त्या आकड्यावर ठरणार. नासाचं यान १३ ऑक्टोबर २०२३ ला निघालंय, २०२९ मध्ये पोचेल, मग टप्प्याटप्प्याने खालच्या कक्षेत जाईल, आणि त्याच्या रेडिओ सिग्नलची फ्रिक्वेन्सी किती सरकते हे पृथ्वीवरून मोजत राहतील, तेवढ्यावरून सायकी यानाला किती जोराने ओढतोय आणि आत माल कसा पसरलाय ते काढता येईल.